जास्तीच्या दोन मात्रा

परभणीच्या थेटरात आम्ही दोघंच म्हातारे.
युनूसभाईंनी इस्त्रीचा सदरा घातला होता,
प्रयोगाला घालायचे तसा,
अन् माझ्या खिशात बॅटरी होती. कशाला, विचारू नका.
प्रॉम्प्टरचा हात मोकळा राहत नाही.

'संगीत मेघडंबरी'वर पिक्चर आलाय
हे मानवतच्या एसटीत कंडक्टरनं सांगितलं.
बावीस पदांतली पाच ठेवली म्हणे.
सात होती. मी मोजली.
नांदी नाही. थेट ड्रोनमधून डोंगर,
हिरवागार, आपल्याकडचा नव्हेच,
अन् त्यावरून पळत सुटलेला राजा.
आमच्या सेलूच्या मांडवात त्याला
चार पावलांत विंग लागायची.
तो जागेवर उभा राहून गायचा
आणि लोकांना जंगल दिसायचं.

"घोडा खराय," युनूसभाई म्हणाले.
घोडा चांगलाच होता.
आमचा नुसता आतून खिंकाळायचा,
पोस्टातले कदम, रजा टाकून.

नायिका देखणी. गळा दुसऱ्याच कुणाचा,
पण गोड, फार गोड, कुठंच न खरवडलेला.
कुमुद लाटकरचा आवाज तिसऱ्या अंकात बसायचा
अन् त्या बसलेल्या आवाजासाठी
पाथरीहून बैलगाड्या यायच्या.

मध्यंतरापर्यंत घरी जाऊन काय काय बोलायचं
ते सगळं मी ठरवून टाकलं होतं.

मग ते पद आलं.

छापील पुस्तकात असं आहे:
वाट पाहता शिणले डोळे, ये आता चांदणे.
जिंतूरच्या प्रयोगात ऐन या पदाला लाइट गेली.
गॅसबत्ती येईस्तोवर कुमुद ओळ विसरून बसली.
माझ्या बॅटरीतले सेल मेलेले, वहीवर काळोख,
ती विंगेकडं बघायली,
पेटी एकच सूर धरून तिष्ठत,
अन् मी तोंडाला आलं ते पुटपुटलो:
वाट पाहता वाटच झाले, ये आता तरी चांदणे.

तिनं घेतली. अशी घेतली
की अंधारातून तीनदा वन्समोअर आला.
दुसऱ्या दिवशी मी वहीतली जुनी ओळ खोडली,
नवी लिहिली, बारीक अक्षरात,
आणि कुणाला काही बोललो नाही.
सगळे समजले, दुसरी आवृत्ती असेल.

चार वर्षांमागं पुण्याचा एक पोरगा
त्याच वहीची पानं मोबाइलवर काढून गेला.
घाईत होता. चहासुद्धा घेतला नाही.

आता पडदाभर चेहरा, डोळ्यांत पाणी,
चाळीस व्हायोलिनं,
वाटच झाले...
माझं पुटपुटणं एवढ्या मोठ्या आवाजात
मी कधी ऐकलं नव्हतं.
शेजारच्या पोरीचा हात पॉपकॉर्नच्या डब्यात तसाच राहिला.
मी खिशातल्या खिशात बॅटरी लावली, बंद केली, लावली.
राग गेला असं नाही,
त्याला बसायला जागा उरली नाही इतकंच.

"वन्समोअर!" युनूसभाई ओरडले.
पुढच्या रांगेतली पोरं फिस्सकन हसली.
पडद्याला काय ऐकू येतंय.
राजा घोड्यावर बसून पुढं निघून गेला.

शेवटी पाट्या सरकत राहिल्या, शेकडो नावं.
झाडणारा आला तरी आम्ही बसलेलोच.
पदरचना: नाटककाराचं नाव.
बरोबरच आहे.

बाहेर स्कूटरला किक मारता मारता ते थांबले.
"ती ओळ पुस्तकात नव्हती."
मी काय बोलणार.
"तुमच्या त्या 'तरी'त दोन मात्रा जास्तीच्या होत्या, गुरुजी.
तीस वर्षं मी भरायलो."
मग हँडलवर दोन बोटं हळूच वाजवली,
जिंतूरला वाजली होती तशी.
"यांनीबी भरल्यात. बरोब्बर तिथंच.
कशापायी, ते बिचाऱ्यांना ठाऊक नाही."